वाचकांचे प्रश्न: गावात संस्था आली, वही कोणाकडे?

मागच्या अंकात आपण विचारलं होतं, तुमच्या वाड्यावर, म्हणजे गावातल्या तुमच्या वस्तीवर, एखादी संस्था कामाला आली असेल आणि तुम्ही तिच्याबरोबर काम करत असाल, नाहीतर तुम्हीच संस्थेत असाल आणि गावातल्या गटांबरोबर काम करत असाल, तर कुठे अडतं ते लिहा. भरपूर लिहिलंत. पत्रं आली, ईमेल आले, व्हाट्सअपवर व्हॉइस मेसेज पण आले, एकीचा तर सात मिनिटांचा होता आणि मी तो दोनदा ऐकला. सगळ्यांना उत्तर देणं या अंकात जमणार नाही, म्हणून ज्या गोष्टी पुन्हा पुन्हा आल्या त्या घेते. मी स्वतः गोव्यातल्या सत्तरी आणि सांगे तालुक्यांत फिल्डवर होते, नंतर काही वर्षं एका संस्थेचे हिशोब बघितले, त्यामुळे दोन्हीकडचं दुखणं मला ठाऊक आहे. नावं कोणाचीच छापत नाही, फक्त तालुका लिहिते.

प्रश्न (सत्तरी): आम्ही वाड्यावरच्या अकरा बायका, गट सात वर्षं चालू आहे, बचत करतो, बँकेत खातं आहे. आता पणजीची एक संस्था आली, कंपनीचा सीएसआर (समाजकार्यासाठीचा) फंड आहे म्हणाले, परसबाग आणि भाजीविक्रीचा प्रोजेक्ट, तुम्ही आमचे लोकल पार्टनर. नऊ पानांचा इंग्रजी करार पाठवलाय, सोमवारी सही करा म्हणतात. आमच्यात एकीलाच थोडं इंग्रजी वाचता येतं. सही करावी काय ताई?

उत्तर: सोमवारी करू नका. संस्था वाईट आहे असं मी म्हणत नाही, चांगली पण असेल, पण जो कागद अकरातल्या दहा जणींना वाचता येत नाही त्याच्यावर गटाची सही कशी होणार? त्यांना सांगा की हेच मराठीत नाहीतर कोकणीत द्या, दोन पानांत दिलं तरी चालेल, आणि तुमचा माणूस आमच्या बैठकीला येऊन वाचून दाखवू दे. ज्या संस्थेला खरंच बरोबर काम करायचंय ती आठ दिवस थांबते.

हा पैसा येतो कसा ते आधी समजून घ्या, ते कळलं की काय विचारायचं ते आपोआप सुचतं. कंपनी कायदा २०१३ चं कलम १३५ आहे, त्यात ज्या कंपनीची नेटवर्थ ५०० कोटी किंवा उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी आणि वर असेल तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजाच्या कामावर खर्च करावे लागतात. कंपनी हे काम बाहेरच्या संस्थेकडून करून घेते तेव्हा ती संस्था नोंदलेला ट्रस्ट, सोसायटी किंवा सेक्शन ८ कंपनी (नफ्यासाठी नसलेली) असावी लागते, तिच्याकडे १२ए आणि ८०जी या आयकराच्या नोंदण्या लागतात, तसल्या कामाचा तीन वर्षांचा अनुभव लागतो आणि एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ फॉर्म भरून नंबर घ्यावा लागतो. तुमच्या बचत गटाकडे यातलं काहीच नाही, म्हणून पैसा त्यांच्या नावावर येतो आणि काम तुमच्या परसात होतं. यात वावगं काही नाही. पण त्यांच्याकडे नंबर आहे तर तुमच्याकडे वाडा आहे, तुमच्याशिवाय तो प्रोजेक्ट कागदावरून खाली उतरत नाही, तेव्हा बोलायला बसाल तेव्हा उपकार घेतल्यासारख्या बसू नका.

पहिलं म्हणजे बजेटचा कागद मागा. सगळा प्रोजेक्ट केवढ्याचा, त्यातलं आमच्या वाड्यावर किती येणार, ऑफिसवर किती जाणार, हे विचारण्यात लाजण्यासारखं काही नाही. बियाणं कोण आणणार, पाईप आणि पंप कोणाच्या नावावर राहणार, साखळीच्या नाहीतर म्हापशाच्या बाजाराला भाजी न्यायची तर टेम्पोचं भाडं कोण देणार, मिटिंगसाठी रोजावर जाणारी बाई दिवस बुडवते तिचं काय, पाऊस लांबला आणि रोपं कुजली तर परत रोपं मिळणार की नाही, हे सगळं करारात साध्या वाक्यात आलं पाहिजे. आणि एक गोष्ट सगळे विसरतात, बदल करायचा झाला तर कोणाला विचारायचं? पणजीत बसून कोणीतरी ढोबळी मिरची लिहिलेली असते, तुमच्या मातीत आणि तुमच्या गिऱ्हाइकाला पाहिजे असतात अळसांदे (इथली चवळी) आणि तांबडी भाजी (लाल माठ), मग ते बदलायला सहा ईमेल आणि दोन महिने लागतात तोवर हंगाम गेला. करारात लिहून घ्या की पीक कुठलं घ्यायचं ते गट ठरवणार.

आता दिवसांचं. कंपनीचं वर्ष ३१ मार्चला संपतं, म्हणून पैसा बऱ्याच वेळा जानेवारीत येतो आणि मार्चच्या आत संपवा म्हणून घाई लागते. मी होते त्या संस्थेत एका वर्षी असंच झालं. फेब्रुवारीच्या शेवटी आणि मार्चमध्ये बायकांची ट्रेनिंगं ठेवली, म्हणजे भर काजूच्या हंगामात, बायका पहाटे डोंगरावर जाऊन बोंडं गोळा करून आलेल्या, दुपारी आम्ही त्यांना हॉलमध्ये बसवलं, डोळे मिटत होते बिचाऱ्यांचे. रजिस्टरवर चाळीस सह्या झाल्या, शिकलं कोणीच नाही, आणि त्या सह्या मीच गोळा केल्या होत्या याचं मला आजही वाईट वाटतं. तुम्ही पहिल्याच बैठकीत तुमचं वर्ष त्यांच्यापुढे मांडा: काजू कधी, शिगमो कधी, लावणी कधी, चवथीच्या (गणपतीच्या) आधी-नंतरचे कुठले पंधरा दिवस कोणी मोकळी नसते. आणि त्यांना हेही सांगा की कंपनीच्या बोर्डाने हा प्रोजेक्ट ‘ऑनगोइंग प्रोजेक्ट’ म्हणून मंजूर केला तर सुरू झालेलं वर्ष सोडून पुढची तीन वर्षं तो चालू शकतो, उरलेला पैसा वर्ष संपल्यावर ३० दिवसांत अनस्पेंट सीएसआर अकाउंटमध्ये (न वापरलेल्या पैशाच्या खात्यात) टाकला की तो बुडत नाही. म्हणजे मार्चची घाई दरवेळी कायद्याने लादलेली नसते, पुष्कळ वेळा ती सुरुवातीला कोणी विचारलं नाही म्हणून असते.

आणि शेवटचं. गटाची वेगळी वही घाला या प्रोजेक्टसाठी. त्यांनी काय आणलं, किती आणलं, कुठल्या तारखेला, कोणाच्या घरी उतरवलं, सगळं तुमच्या हाताने तुमच्या भाषेत लिहा, आणि ती वही तुमच्याच वाड्यावर राहू दे. त्यांचा माणूस आला की त्याची सही घ्या. संस्था चांगली असेल तर तिला याचा आनंद होईल, तिचंच ऑडिटच्या वेळचं काम सोपं होतं.

प्रश्न (सासष्टी): आमची संस्था मडगावात आहे, विदेशी फंड येतो, एफसीआरए नोंदणी आहे. पूर्वी आम्ही तीन लहान संस्थांना त्यातला हिस्सा द्यायचो, त्या किनाऱ्यावरच्या गावांत काम करायच्या, खूप चांगल्या. २०२० नंतर ते बंद झालं. आता आम्ही सगळा खर्च स्वतःच करतो पण त्या लोकांशी पूर्वीसारखं राहिलं नाही, ते म्हणतात आम्ही तुमचे नोकर झालो. यातून रस्ता काय?

उत्तर: तुमचं पत्र वाचून मी थोडा वेळ नुसती बसले, कारण हे मी जवळून बघितलंय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, सप्टेंबर २०२० मध्ये विदेशी देणग्यांच्या कायद्यात, म्हणजे एफसीआरए २०१० मध्ये, दुरुस्ती झाली. त्याआधी नोंदणी असलेली एक संस्था नोंदणी असलेल्या दुसऱ्या संस्थेला पैसा पुढे देऊ शकत होती. कलम ७ बदललं आणि ते पूर्ण बंद झालं, समोरच्याकडे नोंदणी असली तरी देता येत नाही. प्रशासनावरच्या खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली, आणि पैसा आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यायला पाहिजे असं ठरलं. मोठ्या संस्थेने दिल्लीत खातं उघडलं आणि पुढे गेली. लहान संस्था, जिला पैसा मोठ्या संस्थेकडूनच यायचा, तिच्या पायाखालची जमीन सरकली.

आधी काय करू नका ते सांगते. कन्सल्टन्सी फी दाखवून पैसा त्यांच्या खात्यात वळवायचा सल्ला तुम्हाला कोणी देईल, तो ऐकू नका. कागदावर सेवा आणि आत ग्रँट असं निघालं तर तुमची नोंदणी जाईल आणि त्या लहान संस्थेचं नाव उगाच चौकशीत येईल. खरोखर सेवा घेतली, तिचं खरं बिल आहे, बाजारभावाने आहे, काम झाल्याचा पुरावा आहे, तर ती वेगळी गोष्ट, पण ते सुद्धा तुमच्या सीएला आधी दाखवून, लेखी घेऊन.

जे करता येतं त्यात सगळ्यात मोठं माझ्या मते पैशाचं नाहीच. खर्च तुमच्या खात्यातून होऊ दे, पण खर्च कशावर करायचा ते ठरवायची बैठक त्यांच्या गावात घ्या, त्यांच्या अध्यक्षतेखाली, आणि तिथे ठरलेलं तुमच्या ऑफिसने बदलायचं नाही असा ठराव तुमच्या कमिटीत करा. माणसं निवडताना इंटरव्ह्यूला ते बसू देत. दर तीन महिन्यांनी खर्चाचा तक्ता त्यांच्यापुढे ठेवा, तुमच्या ऑफिसच्या भाड्यासकट आणि पगारांसकट. आम्ही त्यांच्याकडून युसी (पैसा वापरल्याचा दाखला) घ्यायचो, व्हाउचर मागायचो, बिल फाटलं असेल तर परत पाठवायचो, आता त्यांनी आमचा खर्च बघितला तर बिघडलं कुठे?

दुसरं, त्यांना देशातला पैसा मिळवायला मदत करा, त्याला हा कायदा लागत नाही. नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवर नोंद आहे का, १२ए आणि ८०जीची मुदत संपत आलीय का, सीएसआर-१ काढलाय का, मागच्या तीन वर्षांचं ऑडिट एका फाईलमध्ये आहे का, ही बसून करायची कामं आहेत आणि तुमचा अकाउंटंट त्यांच्याबरोबर आठवड्यातला एक दिवस बसला तर सहा महिन्यांत होतात. पाच वर्षांनी ते तुमच्याशिवाय उभे राहिले पाहिजेत. तेव्हा जी मैत्री उरेल ती बरोबरीची असेल.

प्रश्न (पेडणे): सरपंचांनी एनओसी (ना हरकत दाखला) दिली, आम्ही वाड्यावर पाण्याची टाकी आणि वाचनालयाची खोली बांधायला घेतली, अर्ध्यावर सरपंच बदलले, नवे म्हणतात मला काही माहीत नाही. त्यात जागेच्या मालकाचा मुंबईचा भाऊ आला, तो म्हणतो माझी सही कुठे? काम चार महिने बंद आहे.

उत्तर: दोन वेगळी दुखणी आहेत, आणि दोन्ही गोव्यात रोजची आहेत.

सरपंचाचं सोपं आहे. सही सरपंचाची असते, गाव त्या सहीत नसतं. अविश्वास ठरावाने सरपंच बदलणं आपल्याकडे नवीन नाही, शिवाय वॉर्डांचं आरक्षण फिरतं, म्हणजे जो पंच तुमचा जीवाभावाचा आहे त्याला पुढच्या वेळी तोच वॉर्ड मिळेल याची खात्री नाही. बहुतेक पंचायतींच्या मागच्या निवडणुका ऑगस्ट २०२२ मध्ये झाल्या, पाच वर्षांची मुदत धरली तर तुमचा तीन वर्षांचा प्रोजेक्ट कुठे ना कुठे निवडणुकीला आडवा जाणारच. म्हणून काम सुरू करायच्या आधी ग्रामसभेत जा. रविवारी असते, लोक येतात, ओरडतात, प्रश्न विचारतात, आणि संस्थेच्या माणसांना त्याचीच भीती वाटते, पण तिथे झालेला ठराव सरपंच बदलला म्हणून पुसला जात नाही. ठरावाची नक्कल पंचायत सचिवाकडून मागून घ्या. विरोधातल्या पंचाच्या घरी पण जाऊन या, ठरावाच्या आधी, नंतर नव्हे. तुम्ही आता सुद्धा पुढच्या ग्रामसभेत विषय घाला, वाड्यावरच्या लोकांनाच बोलू दे, तुम्ही मागे बसा. नवे सरपंच पाण्याच्या टाकीला नाही म्हणतायत की आपल्याला कोणी विचारलं नाही म्हणून रुसलेत ते तिथेच कळेल.

जागेचं मात्र जड आहे. गोव्यात पोर्तुगीज सिव्हिल कोडपासून चालत आलेली कौटुंबिक मालमत्तेची पद्धत आहे, नवरा-बायकोची मालमत्ता वेगळा करार नसेल तर सामायिक, आणि वडिलोपार्जित जमिनीत सगळ्या मुलांचा, मुलींचा सुद्धा, वाटा. म्हणजे गावात राहणारा भाऊ तोंडाने हो म्हणाला, मनापासून म्हणाला, तरी त्याच्या बायकोची सही लागते, मुंबईच्या भावाची लागते, त्याच्या बायकोची लागते, म्हापशाला दिलेल्या बहिणीची आणि तिच्या नवऱ्याची लागते. फॉर्म १ आणि १४ चा उतारा (आपला सातबारा) काढला की कोणाकोणाची नावं लागलीत ते दिसतं, आणि कधी कधी आजोबांचंच नाव असतं, वाटण्या झालेल्याच नसतात. तो भाऊ खोडसाळ आहे असं समजू नका. त्याला भीती आहे की आज टाकी बसली, उद्या जमीन गेली. त्याला भेटा, मुंबईला जावं लागलं तरी जा, सगळ्या वारसदारांसकट वकिलाकडून कागद करा, टाकी किती चौरस मीटरवर, किती वर्षांसाठी, जमिनीची मालकी त्यांचीच राहणार, सगळं त्यात घाला. जमलं नाही तर जागा बदला. देवस्थानची किंवा कोमुनिदादची (गावाची सामायिक जमीन सांभाळणारी जुनी संस्था) जागा बघायची असेल तर तिथे पण कमिटीचा ठराव आणि वरची परवानगी लागते, देवस्थानच्या एका महाजनाच्या किंवा कोमुनिदादच्या एका गावकाराच्या होकारावर कुदळ मारू नका. आणि इतर संस्थांनी हे वाचून एवढं करा, बांधकाम असलेल्या प्रोजेक्टमध्ये पहिले तीन-चार महिने नुसते जमिनीच्या कागदांसाठी धरा, फंड देणाऱ्याला तसं स्पष्ट सांगा.

प्रश्न (काणकोण): मी बारावी झालेली, गेली तीन वर्षं एका आरोग्य प्रोजेक्टची गावातली कार्यकर्ती. मानधन थोडं, त्यातून स्कूटरचं पेट्रोल माझंच. घरोघरी मी जाते, माहिती मोबाईलवर मी भरते, आणि कार्यक्रमाला पाहुणे आले की बोलतात ऑफिसातले. मला सोडावंसं वाटतं पण त्या आज्या माझी वाट बघतात.

उत्तर: बाय, त्या आज्या वाट बघतात हीच तुझ्या कामाची सगळ्यात खरी पावती आहे, पण त्यावर स्कूटर चालत नाही.

तू जे करतेस ते किती मोलाचं आहे याचा गोव्यातलाच दाखला देते. संगात ही संस्था १९९६ पासून गोव्यात मानसिक आरोग्यावर काम करते. त्यांनी मानस नावाचा एक मोठा अभ्यास केला, त्यात डिप्रेशन आणि चिंतेच्या रुग्णांना मदत करायला आरोग्याचं कुठलंही आधीचं शिक्षण नसलेल्या स्थानिक माणसांना दोन महिने ट्रेनिंग देऊन समुपदेशक म्हणून उभं केलं. अभ्यास २०१० मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला आणि सरकारी आरोग्य केंद्रांमध्ये त्याचा चांगला फायदा दिसला, खाजगी दवाखान्यांमध्ये तसा दिसला नाही. त्या माणसांना गोड बोलून फुकट राबवलं असतं तर हे झालं नसतं. ट्रेनिंग होतं, मागे बघायला वरिष्ठ होते, अडलं तर विचारायला डॉक्टर होता. गावातली बाई हे काम करू शकते, पण तिच्या पाठीशी ही सगळी माणसं उभी पाहिजेत.

तू तीन गोष्टी लिहून मागायच्या. पेट्रोल मानधनातून नाही तर वेगळं, किलोमीटर लिहून. महिन्यातून एकदा तुझ्या सुपरवायझरने तुझ्या गावात येऊन तुझ्याबरोबर फिरायचं. आणि रिपोर्टमध्ये तुझं नाव. एक महिना वही ठेव, कुठे गेलीस, किती वेळ लागला, किती किलोमीटर झाले, ती घेऊन बोलायला जा, रडू आलं तरी चालेल पण वही पुढे ठेव. एकटी जाऊ नकोस, शेजारच्या गावातल्या कार्यकर्तीला घेऊन जा. आणि ज्या संस्थांचे संचालक हे सदर वाचतात त्यांना माझी हात जोडून विनंती आहे, प्रपोजलमध्ये गाडीभाडं, हॉटेल, फ्लेक्स सगळं लिहिता, तिथे या मुलीच्या पेट्रोलची ओळ पण लिहा.

प्रश्न (तिसवाडी): आमच्याकडे खाजनाचा (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीचा) बांध दोन ठिकाणी फुटलाय, खारं पाणी शेतात येतं. पर्यावरणावर काम करणारी एक संस्था मदत करायला तयार आहे. त्यांनी कोणाबरोबर काम करावं, पंचायत, कोमुनिदाद की शेतकरी?

उत्तर: कुळांचा संघ आहे का ते आधी बघा. १९६४ च्या कूळ कायद्याखाली १९७५ मध्ये नियम झाले, त्यानुसार बांध आणि मानस (भरतीचं पाणी आतबाहेर सोडायचं दार) सांभाळायची जबाबदारी सगळ्या कुळांची मिळून आहे, त्यासाठी संघ, त्याची मॅनेजिंग कमिटी, आणि देखरेख मामलेदाराची. मानशीवरच्या मासेमारीचा लिलाव होतो तो पैसा संघाकडे येतो आणि तो बांधाच्या डागडुजीला वापरायचा असतो. पुष्कळ ठिकाणी दुखणं इथेच आहे, लिलाव घेणाऱ्याला कोळंबी पाहिजे म्हणून खारं पाणी आत ठेवायचं असतं, भात करणाऱ्याला ते नको असतं, आणि जिथे भात करणारेच कमी झालेत तिथे दार कधी उघडायचं ते मासेवालाच ठरवतो. संस्थेने माती टाकून बांध उभा केला आणि मानशीच्या दाराचा हा वाद तसाच राहिला तर दोन पावसाळ्यांत परत भगदाड पडेल. म्हणून आधी संघाची सर्वसाधारण सभा बोलवा, मागच्या लिलावांचा हिशोब मांडू देत, दार कोण उघडणार आणि कुठल्या भरतीला ते ठरवा. कृषी खात्याचा मृदसंधारण विभाग बांधांची कामं करतो, तिथे अर्ज पण संघाच्याच नावाने जाऊ दे. संस्थेने चिखल, दगड आणि मजुरीला हातभार लावावा, आणि जुन्या माणसांना विचारून बांध कसा भरायचा ते त्यांच्याच देखरेखीखाली करावं. कोरगुट (खाऱ्या जमिनीत येणारं भात) लावणारी चार घरं जरी उरली असतील तर त्या चार घरांना पहिल्या रांगेत बसवा.

प्रश्न (फोंडा): ट्रेनिंगला आलेल्या प्रत्येक लाभार्थ्याचा फोटो, आधारची झेरॉक्स आणि घराचा जीपीएस फोटो देणगीदार मागतो. लोकांना आवडत नाही. काय करू?

उत्तर: देणगीदाराला विचारा की आधार कशासाठी पाहिजे. बऱ्याच वेळा जुन्या फॉरमॅटमधून चालत आलेलं असतं आणि विचारल्यावर ते स्वतःच काढून टाकतात. फोटो काढायचा तर आधी विचारून, कुठे वापरणार ते सांगून, आणि नाही म्हणणाऱ्याला ट्रेनिंगमधून वगळायचं नाही. मुलांचे आणि आजारी माणसांचे चेहरे नकोतच. कामाचा फोटो द्या, पाणी आलेल्या नळाचा, भरलेल्या वाफ्यांचा, तोही पुरावाच आहे.

प्रश्न (धारबांदोडा): आमचा तीन वर्षांचा प्रोजेक्ट मार्चला संपतो. खाणी बंद झाल्यापासून या भागात कितीतरी संस्था आल्या आणि गेल्या, लोक म्हणतात तुम्ही पण जाणार. आम्हाला तसं जायचं नाही, पण पगार देणारा फंड संपतोय. नीट निघावं कसं?

उत्तर: लोक बरोबर म्हणतात, त्यांनी बघितलंय. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, मग थोड्या सुरू झाल्या, २०१८ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीजची नूतनीकरणं रद्द केली आणि मार्चपासून परत सगळं ठप्प. ट्रक विकले गेले, गॅरेजं बंद झाली, आणि त्याच काळात शिवणकाम, मशरूम, मधमाशा असल्या ट्रेनिंगच्या पाट्यांवर पाट्या लागल्या. माणसाला आधीच एकदा सोडून दिल्यासारखं वाटलेलं असतं, त्यावर परत कोणी उठून जातं तेव्हा ते मनाला फार लागतं. म्हणून शेवटच्या महिन्यात निरोपाचा कार्यक्रम करून निघू नका, आजपासूनच सांगायला लागा. पुढच्या बैठकीत तारीख सांगा आणि कुठली कामं चालू राहतील, कुठली बंद होतील ते त्यांच्याबरोबर बसून वेगळं करा. काही बंद होऊ देत, त्यात कमीपणा नाही, सगळंच टिकवायला गेलं तर गटाच्या दोन-तीन बायकांच्या डोक्यावर सगळा भार पडतो.

जे चालू राहणार त्याला मालक पाहिजे. यंत्रं गटाच्या नावावर करायचं पत्र फंड देणाऱ्याकडून आता मागून घ्या, मार्चनंतर तिथला माणूस बदलला की फाईल सापडत नाही. बँकेच्या खात्यावर तुमच्या कोऑर्डिनेटरची सही असेल तर ती काढा. पुढच्या पैशाची वाट दाखवून ठेवा. खाणीच्या भागासाठी जिल्हा खनिज निधी आहे, खाण कायद्याच्या २०१५ च्या दुरुस्तीने आलेला, पिण्याचं पाणी, आरोग्य, शिक्षण, कौशल्य अशा कामांसाठी तो आहे, पण मागणी गावातून, ग्रामसभेच्या ठरावाने गेली तर तिला वजन येतं, आणि तो अर्ज लिहायला शिकवणं हे तुमच्या उरलेल्या महिन्यांतलं सगळ्यात चांगलं काम होईल. पहिला अर्ज तुम्ही लिहा, दुसरा त्यांनी लिहू दे, तुम्ही फक्त वाचा.

बेसलाईनचे (सुरुवातीच्या पाहणीचे) कागद, पाण्याच्या तपासणीचे रिपोर्ट, हजेरीची रजिस्टरं, हिशोब, सगळ्याची एक प्रत गावात ठेवा, मराठीत सारांश करून. पणजीच्या ऑफिसच्या कपाटात ती कोणाच्याच कामाची नाही. आणि फंड नसला तरी पावसाळा संपल्यावर, चवथ झाली की एकदा जा, दोघं जण, स्वतःच्या खर्चाने. गटाची वही उघडून बसा त्यांच्याबरोबर. मार्चनंतरची पानं भरलेली आहेत की कोरी, ते बघा, आणि कोरी असली तर का ते त्यांनाच विचारा.